विड्यातला शेंदूर

आवाज विकून खाल्लेला माणूस आहे मी. सोलापूरच्या मार्केट यार्डात पहिल्यांदा आलो तो पाठीवर कांद्याच्या पिशव्या वाहायला. एका सकाळी लिलाव पुकारणारा माणूस आला नाही. शेठ वैतागून म्हणाले, "अरे, कुणाला ओरडायला तरी येतं का?" मी पाठीवरची पिशवी खाली टाकली आणि ढिगावर चढलो. त्यानंतर पुन्हा कधी पिशवी उचलली नाही.

लोकांना वाटतं पुकारणं म्हणजे घसा फोडणं. तसं नसतं. खरीददाराच्या भुवईकडे बघावं लागतं. भाव कुठे ताणायचा, कुठे आवाज एकदम खाली आणायचा म्हणजे समोरच्याला माल हातचा गेल्यासारखं वाटतं, हे कळावं लागतं. आणि वेळेवर चिडावं लागतं. मी जन्माचा तापट, त्यामुळे तेवढं शिकावं लागलं नाही. आमच्या गाळ्यावर आज काय भाव फुटला हे चार ओळी पलीकडचा हमाल जागेवरून सांगायचा, नुसत्या माझ्या आवाजावरून.

पुढे मी आणि माझ्या साडूने भागीत स्वतःची अडत टाकली, शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकायची. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. तो अक्कलकोटकडचा, घरात कानडी, बाहेर मराठी, कागदपत्रात पक्का. मी ढिगावर, तो गादीवर. पुष्कळ वर्षं चाललं आणि मग फुटलं. का फुटलं ते सांगत बसत नाही, दोन्हीकडून सांगण्यासारखं भरपूर आहे. पण वाटणीच्या दिवशी चार माणसांत तो जे बोलला ते सांगतो. मी म्हणालो, ही अडत माझ्या आवाजावर उभी राहिली. तो म्हणाला, "आवाज काय, भाड्यानं बी मिळतो की."

ते वाक्य मी विसरलो नाही. आजही विसरलेलो नाही.

काही महिन्यांनी त्याने पलीकडच्या ओळीत नवा गाळा घेतला आणि खरंच एक पुकारणारा पगारावर ठेवला. गाळ्याच्या पूजेला मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, "भन हाय माजी. तुमी न्हाई आला तर मी तिला कोणत्या तोंडानं भेटू?" गेलो. भिंतीला टेकून बसलो, कुणाशी बोललो नाही. निघताना साडूने स्वतःच्या हाताने विडा पुढे केला. पाहुण्यांच्या देखत नको कसं म्हणायचं? खाल्ला.

तीन आठवड्यांनी माझा आवाज गेला.

थंडीचे दिवस होते, आवक एवढी की गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली. मी ढिगावर उभा होतो, भाव चढत होता, आणि पुढचा आकडा तोंडातून निघालाच नाही. ओठ हलले, निघाली ती नुसती हवा, सायकलच्या चाकाचा वॉल्व्ह सैल व्हावा तशी. खरीददारांना वाटलं मी मुद्दाम थांबलोय. एक जण म्हणाला, "मालक, आज काय मुक्यानं सौदा?" सगळे हसले. मीही हसलो, पण हसण्यालाही आवाज आला नाही. खाली उतरलो आणि तोंड कुणाला दिसू नये म्हणून मी ढिगातला एक कांदा उचलून उगाच बघत राहिलो.

हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. गल्लीतल्या डॉक्टरने सर्दीच्या गोळ्या दिल्या, मग आणखी जोराच्या गोळ्या दिल्या. काही फरक नाही. बोलायला लागलो की दोन शब्दांत दम संपायचा.

आमच्या यार्डात काट्यावर माल तोलणारा एक म्हातारा मापाडी आहे, माझ्या हमालीच्या दिवसांपासून मला ओळखणारा. एके दिवशी चहा घेताना तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"मालक, एक इचारू? कुणा वैऱ्याच्या हातचं काय खाल्लंत का? विडा-बिडा?"

मी मान हलवली.

"कुणाचा?"

मी पलीकडच्या ओळीकडे बोट केलं. त्याने कप खाली ठेवला. "मग डागदर कशाला करताय? शेंदूर हाय त्यो."

आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गाणाऱ्याचा गळा मारायचा असेल तर विड्यातून शेंदूर चारायचा. माझ्या गावच्या भजनी मंडळात एकाचा आवाज असाच बसला होता, आणि कुणी चारला तेही सगळ्यांना ठाऊक होतं. बघितलं मात्र कुणीच नव्हतं. मी आयुष्यभर कांदा हातात दाबून, नाकाला लावून घेतला. पिशवीचा वरचा थर बघून माल घेऊ नये हे मी दुसऱ्यांना शिकवतो. पण ही गोष्ट मी वरूनच घेतली, आणि घेताना मला बरं वाटलं. भाड्याचा आवाज ठेवणाऱ्याने माझा आवाज मारला, यात सगळं बसत होतं.

ओरडायला आवाज लागतो, कुजबुजायला लागत नाही. मी गाळ्यागाळ्यात जाऊन बसलो आणि एकेकाच्या कानाशी लागलो. आठ दिवसांत साऱ्या यार्डाला कळलं. साडूच्या गाळ्यात लोक चहा घ्यायचे बंद झाले. "आत्ताच झालाय" म्हणून कप परत जायचे. त्याच्या माघी गणपतीच्या आरतीला ओळीतला एक माणूस गेला नाही. मला हे सगळं कळत होतं, आणि मी आवाज परत येण्याची वाट बघत होतो. शेंदूर उतरतो म्हणतात.

उतरला नाही. उलट पाणी ठसकायला लागलं. भाकरी नीट जायची, पण पाण्याचा घोट चुकीच्या वाटेने जायचा आणि मी खोकत वाकायचो. तो खोकलाही माझा वाटत नव्हता. पोकळ, धक्का नसलेला. साधं पाणी प्यायची भीती वाटायला लागली तेव्हा मी पितळी तांब्याकडे साप बघावा तसा बघायचो. बायको समोर असली की तहान नाही म्हणायचो.

आणि फोन. करमाळ्याकडचा एक जुना शेतकरी, माझ्याच गाळ्यावर माल टाकणारा. मी फोन उचलून बोललो तर म्हणाला, "ताई, मालकास्नी द्या की जरा." मी फोन बायकोच्या हातात दिला. ती म्हणाली, "त्येच बोलत हुते." तो म्हणाला, "असं व्हय. बरं, मग करतो पुन्हा." पुन्हा केला नाही त्याने. त्याचा माल कुठे गेला ते मी विचारलं नाही.

त्याच दुपारी बायकोने मला रिक्षात घातलं आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि पडदा माझ्याकडे फिरवला. म्हणाल्या, "बघा, तुमचं स्वरयंत्र." माझ्या पोटापाण्याची ती जागा मी पहिल्यांदा बघत होतो. दोन पांढऱ्या पट्ट्या, मधे काळी फट.

"ई म्हणा."

मी ई केलं. उजवी पट्टी मधोमध आली. डावी जागेवरच पडून राहिली. बाईंनी तीनदा म्हणायला लावलं. तीनदा उजवी आली, तीनदा डावी तशीच.

"डाव्या पट्टीला लकवा आहे," त्या म्हणाल्या. "पण ही पट्टी आजारी नाही, तिला हुकूम देणारी नस काम करत नाहीये. ती का करत नाही, ते आपल्याला शोधायचंय. लकवा हे कारण नव्हे, ती खूण आहे."

मला ते ऐकूच आलं नाही. लकवा म्हटल्यावर मला वाकडं तोंड आणि बाजेवरचा माणूस दिसला. मी कागद ओढून त्यावर लिहिलं, शेंदूर. बायको कपाळाला हात लावून बसली. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शेंदरात शिसं असतं काका, आणि शिसं विषारी असतं हे खरंच आहे. पण ते अंगात भिनलं तर पोट दुखेल, रक्त कमी होईल, हातातली ताकद जाईल. ते निवडून एकाच बाजूच्या एकाच पट्टीवर कसं जाईल?"

मला ते पटलं नाही. दहा जणांसमोर घेतलेला सौदा मी असा सोडत नसतो.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. गळ्याचं ऑपरेशन? थायरॉईड? मानेला मार? मोठा ताप? साखर? ही सगळी नाहीची उत्तरं होती, ती मी ऐटीत दिली. पुढे आलं, खोकला? मी मान हलवून नाही म्हटलं. वजन कमी झालंय? नाही. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडून घेतली होती, पण ते माझं मला माहीत.

"तंबाखू?"

"कधीतरी," मी कुजबुजलो.

"कधीतरी म्हंजे जागेपणी," बायको म्हणाली.

बाईंनी लिहून घेतलं. मी असा का वागत होतो ते आता सांगता येतं. ज्या शेठनी मला ढिगावर चढवलं, त्यांचाही आवाज असाच बसला होता. यार्डात सगळे म्हणाले, धुळीने बसला. वर्षाच्या आत आम्ही त्यांना खांद्यावरून नेलं. छातीत निघालं होतं. त्या तिरडीला मी पुढून डावीकडे होतो. डॉक्टरीणबाई छाती म्हणाल्या की मला तो बांबू खांद्यावर जाणवायचा. म्हणून मी गळ्यापाशीच थांबायला बघत होतो.

चिठ्ठीवर त्यांनी स्कॅन लिहिला. कवटीच्या तळापासून छातीपर्यंत. स्कॅन सेंटरमध्ये मी खिडकीपाशी उभा राहिलो आणि तिथल्या माणसाला कागदावर लिहून दाखवलं, दुखणं गळ्याचं आहे, छाती कशाला? तो म्हणाला, डॉक्टरांनी दोन्ही लिहिलंय. मी लिहिलं, माल जेवढा लागतो तेवढाच घेतो. तो म्हणाला, मग नुसत्या मानेचाच करायचा असेल तर सही करा. मी सही केली. घासाघीस करून काहीतरी कमी करून घेतलं की मला जन्मभर जे समाधान वाटत आलंय, तेच वाटलं. पैशासाठी केलं असं त्या माणसाला वाटलं असणार. मीही स्वतःला तेच सांगितलं.

रिपोर्ट स्वच्छ आला. मानेत काही नाही, थायरॉईड ठीक. मी पेढे घेऊन घरी गेलो. बायकोने विचारलं, बाईंकडे कधी जायचं? मी म्हणालो, कशाला, काही निघालं नाही ना. आणि मग हेही म्हणालो की बघ, काही निघालं नाही म्हणजे शेंदूरच. या हिशेबाने मी आणखी पाच आठवडे घालवले. पाच आठवडे तो मापाडी रोज विचारायचा, उतरला का. रोज मी सांगायचो, उतरेल.

एका सकाळी चहाच्या पहिल्या घोटाला असा ठसका लागला की श्वास परत येईना. बायकोने पाठीत धपाटे घातले. श्वास आला तेव्हा मी जमिनीवर बसलेलो होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने काही न बोलता कपाटातून फाईल काढली, चष्मा लावला आणि चिठ्ठी आणि रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून वाचायला बसली. सातवी शिकलेली बाई. ओळीवर बोट ठेवून वाचते.

"अवो, बाईंनी मान आन छाती लिवलंय. छातीचं कुटं हाय?"

मी फाईल मिटायला हात पुढे केला.

"छातीचा कागद कुटं हाय, म्हणते मी."

"नाही केला," मी म्हणालो.

ती चिडेल असं वाटलं. ती चिडली नाही. चष्मा काढून पदराने पुसत बसली. म्हणाली, "भाजीवालीसंगं करता तसं जिवासंगं बी केलं व्हय तुमी?"

आम्ही परत गेलो. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला, तारीख बघितली आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा बदलला. मग त्यांनी माझ्या फाईलच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने चित्र काढलं. डोकं, मान, छाती. डोक्यातून एक रेघ निघाली. मानेतून उतरली, स्वरयंत्राच्या शेजारून गेली, पण तिथे थांबली नाही. खाली छातीत गेली, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या खालून वळसा घेतला आणि उलटी फिरून परत गळ्यापर्यंत वर आली.

"करमाळ्याहून सोलापूरला यायचंय," त्या म्हणाल्या, "पण गाडी सोलापूरला थांबतच नाही. अक्कलकोटला जाऊन वळून येते, मग सोलापूर. उजवीकडची नस लवकर वळते. डावीला हा लांबचा फेरा आहे. या फेऱ्यात कुठेही अडथळा आला तरी आवाज इथे बंद पडतो. तुम्ही रस्ता सोलापूरपर्यंतच तपासलात, काका."

मी त्या रेघेकडे बघत राहिलो. वळसा जिथे होता तिथे त्यांनी पेन टेकवून ठेवलं होतं.

छातीचा स्कॅन त्याच दिवशी झाला. या वेळी मी खिडकीपाशी काही बोललो नाही. त्या यंत्राच्या भोकात आत सरकताना एक आवाज सांगतो, श्वास घ्या, रोखून धरा. माझ्याच्याने रोखला जात नव्हता. पट्टी बंद होत नाही, तर श्वास अडणार कशाने? हवा निसटत होती आणि मला वाटत होतं, आता फोटो हलला, आता काही दिसणार नाही, बरंच होईल.

दिसलं. नेमकं त्या वळशापाशी गाठींचा झुबका होता, द्राक्षाच्या मण्यांसारखा. डॉक्टरीणबाईंनी गोष्टी लपवल्या नाहीत. "दोन-तीन शक्यता आहेत," म्हणाल्या. "एक तुम्हाला वाटते ती. दुसरी क्षयाची. आणखी एक-दोन कमी सापडणाऱ्या. फोटोवरून नाव ठेवता येणार नाही. गाठीतला नमुना काढावा लागेल."

मला वाटते ती. मी त्यांना शेठबद्दल कधी सांगितलं नव्हतं.

छातीच्या डॉक्टरांनी श्वासनळीतून दुर्बीण घालून सुईने नमुना काढला. तो तपासणीला गेला. आठ दिवस लागतील म्हणाले.

त्या आठ दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण मी काही केलं नाही. यार्डात जायचो, गादीवर बसायचो. समोर ढिगावर माझ्या जागी ठेवलेला माणूस पुकारत असायचा, होय, भाड्याचाच. मला त्याचे आकडे ऐकू यायचे आणि कळायचे नाहीत. पट्टा रोज एकदा तपासायचो. छातीवर बोट ठेवून वळसा कुठे असेल ते चाचपायचो. मुलीचं लग्न व्हायचंय, गाळ्याच्या किल्ल्या कुणाच्या नावावर, असले विचार यायचे आणि मी ते पुरते येऊ द्यायचो नाही. चौथ्या दिवशी मला एक गोष्ट नीट कळली आणि ती कळून मी जास्तच घाबरलो. मला शेंदूर हवा होता. साडूने मला विष घातलेलं असावं, त्याने जाणूनबुजून, विडा वळताना हसत घातलेलं असावं, असं मला मनापासून हवं होतं. माणसाने केलेलं असेल तर माणसाशी भांडता येतं. भाव करता येतो.

सहाव्या दिवशी भर दुपारी मी ओळ ओलांडून त्याच्या गाळ्यात गेलो.

सौदे संपले होते. तो एकटाच गादीवर डबा उघडून बसला होता. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मला बघून त्याने हातातला तुकडा खाली ठेवला. कामावरच्या हमालाने आमच्या दोघांकडे बघितलं आणि तो बाहेर गेला.

"या पावणं," साडू म्हणाला. "हितं चा पीत न्हाईत लोक. तुमी काय घेणार?"

मी त्याच्या जवळ जाऊन बसलो. जवळ बसल्याशिवाय माझं ऐकू येत नव्हतं. "खरं सांग," मी म्हणालो. "विड्यात घातला होतास का?"

त्याचा चेहरा लाल झाला. तो माझ्याइतका तापट नाही, पण आहे. कानडीत काहीतरी बोलला, ते मला कळतं, इथे लिहीत नाही. "हे इचारायला आला व्हय? साऱ्या यार्डात बोंब मारून झाली, आता मला इचारतोस?"

"ऐक," मी म्हणालो. माझा दम संपत होता. "घातला असशील तर मी सोडलं. पोलीस नाही, भांडण नाही, काही नाही. भागीतलं माझं येणंही सोडलं. नुसतं हो म्हण."

"आन न्हाई म्हटलं तर?"

मी छातीवर हात ठेवला, चित्रातला वळसा जिथे होता तिथे. "तर मग इथलं आहे," मी म्हणालो. "शेठसारखं."

शेठ त्यालाही माहीत होते. तिरडीला तो माझ्या मागे, त्याच बांबूला होता.

बाहेर कुणीतरी ताडपत्री झटकत होतं. त्याने डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं. मग म्हणाला, "न्हाई घातला, साडू. आईची आन." आणि जरा थांबून म्हणाला, "पर तुला बरं वाटत असंल तर घातला म्हणतो. बोल. कुणाफुडं म्हणू?"

मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. मी उठलो. त्याने अर्धी भाकरी पुढे केली, म्हणाला, "हे तरी खा, का ह्यात बी काय असंल?" मी ती घेतली आणि उभ्यानेच खाल्ली. पाणी मागितलं नाही. मला ठसका लागतो हे त्याला माहीत होतं, वाटतं, कारण त्यानेही दिलं नाही.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फोन केला आणि आधी आजाराचं नाव सांगितलं, मग बाकीचं. क्षय. गाठींचा क्षय. औषध आहे, रोज घ्यायचं, एक दिवस चुकवायचं नाही, पुष्कळ महिने. बायको देवापुढे जाऊन बसली. क्षय झाला म्हणून दिवा लावणारं आमचं घर त्या दिवशी साऱ्या सोलापुरात एकटंच असेल. मी खुर्चीत बसून होतो. सुटल्यासारखं वाटायला संध्याकाळ झाली.

मी विचारलं होतं, आवाज? बाई म्हणाल्या, "गाठी विरल्या तर नस कदाचित जागी होईल. वर्षभर वाट बघायची. कधी होतच नाही. तोवर उजवी पट्टी जास्त पुढे यायला शिकेल, तिला व्यायाम देऊ. नाहीच जमलं तर डावीला इंजेक्शन देऊन फुगवता येतं. पण पहिल्यासारखा आवाज येईल असा शब्द मी देणार नाही."

घासाघीस करायला जागाच नव्हती.

साडूला मीच फोन केला. "कोण बोलतंय?" तो म्हणाला. मी म्हणालो, मी. "काय निघालं?"

"क्षय."

"बरं झालं," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्हंजे मी न्हाई घातला."

"नाही घातलास."

"मला काय सांगतोस? यार्डाला सांग. जितक्यांला सांगितलंस तितक्यांला. आन मोठ्यानं."

मोठ्याने कसं सांगणार? ढिगावर चढून एका दमात सांगून मोकळं व्हायचं माझं जुनं हत्यार माझ्याकडे नव्हतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी सौदे संपल्यावर मी पहिल्या गाळ्यापासून सुरुवात केली. आत जायचं, माणसाच्या कानाशी वाकायचं आणि सांगायचं, शेंदूर नव्हता, क्षय आहे, साडूचा संबंध नाही. दोन गाळे झाले की बाहेर कट्ट्यावर बसून दम घ्यायचा. काहींना पहिल्यांदा ऐकू यायचं नाही, मग परत. काही जण क्षय म्हटल्यावर जरा मागे सरकायचे. त्यांना मी सांगायचो की हा गाठीतला आहे, खोकल्यातून जाणारा नव्हे, डॉक्टरांनी तपासलंय. ते मान हलवायचे आणि तरी सरकलेलेच राहायचे. साडूच्या गाळ्यात चहा न पिणारे आता माझ्याही गाळ्यात पिणार नाहीत, हे मला कळत होतं. दोन दिवस लागले. साडू त्याच्या दारात उभा राहून बघत होता. एकदाही पुरे म्हणाला नाही.

भागीतलं मी सोडलेलं नाही. त्याने हो म्हटलं असतं तर सोडलं असतं, तसं कबूल केलं होतं. तो नाही म्हणाला. तेव्हा तो सौदा झालाच नाही, आणि आवाज भाड्याने मिळतो हे वाक्य अजून माझ्याकडे शिल्लक आहे.

सगळ्यात शेवटी मी त्या म्हाताऱ्या मापाड्याकडे गेलो. तो काट्याशेजारी पोत्यावर बसला होता. त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"शेंदूर न्हाई म्हंता."

"नाही."

"मग आवाज कवा येतोय?"

मी त्याच्याकडे बघितलं. शेंदूर होता तेव्हा माझ्याकडे रोज उत्तर असायचं. मी तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. तो वाट बघत राहिला. म्हाताऱ्याला वाटलं असावं की मी बोललो, आणि त्याला ऐकू आलं नाही.